अ‍ॅलर्जीची गोळी निम्म्या वजनाची का झाली? डाव्या-उजव्या रेणूंच्या रसायनशास्त्रज्ञाचे काम

औषधांच्या दुकानात सर्दी-अ‍ॅलर्जीच्या दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एकीवर सेट्रिझिन १० मिलीग्रॅम असे छापलेले, दुसरीवर लेव्होसेट्रिझिन ५ मिलीग्रॅम. काम जवळजवळ तेच, मग मात्रा निम्मी कशी? कारण पहिल्या गोळीतले निम्मे औषध त्या कामाचे नसतेच. ते पोटात जाते, रक्तात फिरते आणि बाहेर पडते. दुसऱ्या गोळीत ते निम्मे आधीच वगळलेले असते.

ते वगळायचे कसे, आणि त्याहून चांगले म्हणजे ते मुळात तयारच होऊ द्यायचे नाही कसे, या एका प्रश्नावर काही रसायनशास्त्रज्ञांचे उभे आयुष्य जाते. गोव्यातही अशी माणसे आहेत. सकाळी फोंडा, मडगाव, म्हापसा इथून वेर्णा, पिळर्ण, कोलवाळकडे निघणाऱ्या कंपन्यांच्या बसमध्ये त्यांतले काही बसलेले असतात. पण 'आमची मुलगी कंपनीत आहे, लॅबमध्ये' यापलीकडे घरच्यांनाही काही सांगता येत नाही. माझी स्वतःची नोकरी याच कामात गेली आहे आणि ते काम इतके सुंदर आहे की त्याची ओळख घरोघर व्हावी असे मला मनापासून वाटते.

नमस्कारासाठी हात जोडा. दोन्ही तळवे बरोबर जुळतात, बोटाला बोट. आता एक तळवा दुसऱ्याच्या पाठीवर ठेवा, दोन्हींची तोंडे एकाच दिशेला. अंगठे विरुद्ध बाजूंना जातात. हाडे तीच, बोटे तितकीच, तरीही डावा हात उजव्याच्या जागी बसत नाही. कार्बनच्या अणूला चार वेगवेगळे गट जोडले गेले की त्या रेणूचेही असेच होते. चार गट चार कोपऱ्यांना, दोन मांडण्या शक्य, आणि त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. हे चार कोपऱ्यांचे चित्र १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे मांडले. अशा रेणूंना कायरल म्हणतात. आपण सोयीसाठी डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा रेणू म्हणू.

दोन्हींचा वितळणबिंदू एक, उकळणबिंदू एक, पाण्यात विरघळण्याचे प्रमाणही एक. साध्या तपासणीत ते वेगळे दिसतच नाहीत. फरक कळतो तो समोर दुसरी हात असलेली वस्तू आली म्हणजे. आणि आपले शरीर म्हणजे अशा वस्तूंचे भांडारच आहे. आपली प्रथिने एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, डीएनएमधली साखरही एकाच हाताची. पुदिन्याचा जो विशिष्ट वास येतो तो कार्व्होन नावाच्या रेणूचा. बाळंतशेपेचा वेगळाच वास येतो, तोही कार्व्होनचाच, पण उलट्या हाताचा. सगळे अणू तेच, जोडणीही तीच. नाक मात्र चुकत नाही, कारण नाकातली प्रथिने एका हाताची आहेत.

औषधालाही अशाच एखाद्या प्रथिनाच्या खाचेत बसायचे असते, म्हणून त्याचा हात महत्त्वाचा. कधी उलटा हात नुसताच निरुपयोगी असतो, जसा सेट्रिझिनमध्ये. कधी तो अपाय करतो: नॅप्रोक्सेन हे दुखण्यावरचे औषध एकाच हाताचे विकतात, कारण दुसरा हात यकृताला घातक मानला जातो. आयबुप्रोफेनचे उलटे. त्याचा निरुपयोगी हात शरीर स्वतःच बऱ्याच अंशी उपयोगी हातात बदलून घेते, त्यामुळे दोन्हींचे मिश्रण सर्रास चालते.

इथे थॅलिडोमाइडचा उल्लेख हटकून होतो, आणि बहुधा अर्धवट होतो. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांनी घेतले, जगभर दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली, आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले गेले. 'एकच हात दिला असता तर ही मुले वाचली असती' असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. थॅलिडोमाइडचे दोन्ही हात शरीरात एकमेकांत बदलत राहतात; शुद्ध एक हात दिला तरी काही तासांत दुसरा तयार होतो. म्हणून आमच्या कामात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हवा तो हात बनवता येतो का, आणि बनवलेला हात शरीरात टिकतो का? अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९२ मध्ये धोरण जाहीर केले की नवे औषध आणताना त्याच्या प्रत्येक हाताचे शरीरात काय होते ते कंपनीने तपासले पाहिजे. तेव्हापासून या शाखेतल्या माणसांची गरज झपाट्याने वाढली.

आता मूळ अडचण. आपल्या भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. हात मोजले तर या आम्लाची चार रूपे संभवतात. भिरंडीचे झाड त्यांतले एकच बनवते, दरवर्षी, न चुकता. काचेच्या चंबूत आपण तसे काही करू गेलो की दोन्ही हात बनतात, तंतोतंत निम्मे-निम्मे. कारण साधे आहे. ज्या कार्बनवर नवा गट येऊन बसणार असतो तो त्या क्षणी सपाट असतो. गट वरून आला तर उजवा रेणू, खालून आला तर डावा. वर आणि खाली यांत काहीच फरक नसेल तर दोन्ही वाटांना सारखीच ऊर्जा लागते. अशा निम्म्या-निम्म्या मिश्रणाला रेसिमिक म्हणतात. तापमान बदला, वेळ बदला, हातचे कौशल्य कितीही वाढवा, निम्म्याचे पाऊण होणार नाही. आधीपासून हात असलेले काहीतरी त्या चंबूत असायलाच हवे. हातपणा शून्यातून येत नाही, तो कुठून तरी उसना आणावा लागतो. या शाखेतली सगळी प्रगती म्हणजे कमीत कमी उसनवारीत जास्तीत जास्त माल कसा बनवायचा याची प्रगती आहे.

उसनवारीचा सर्वांत जुना सावकार आपल्या स्वयंपाकघरात बसलेला आहे. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. द्राक्षातही तेच आम्ल असते, आणि दोन्हीकडे त्याचा हात एकच. १८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने याच आम्लाच्या रेसिमिक नमुन्याचा सोडियम-अमोनियम क्षार बनवला, त्याचे स्फटिक भिंगाखाली पाहिले, आणि त्याला दोन प्रकार दिसले, एकमेकांच्या प्रतिमा. त्याने ते चिमट्याने वेगळे केले आणि दोन ढीग लावले. एका ढिगाचे द्रावण ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाला उजवीकडे वळवत होते, दुसऱ्याचे तितकेच डावीकडे. हा क्षार साधारण २८ अंशांच्या खालीच असे वेगळे स्फटिक देतो. त्याहून जास्त तापमानात दोन्ही हात एकाच स्फटिकात मिसळून बसतात. पॅरिसच्या थंडीत जे जमले ते पणजीतल्या मे महिन्यात जमले नसते. शोधाला हवामानही लागते.

चिमट्याने टन-टन औषध वेगळे करता येत नाही, म्हणून कारखान्यात दुसरी युक्ती वापरतात. दोन्ही हातांच्या मिश्रणात एकाच हाताचे आम्ल घालायचे. आता जे दोन क्षार बनतात ते एकमेकांच्या प्रतिमा उरत नाहीत, त्यांची विद्राव्यता वेगळी होते, आणि एक खाली बसतो. लेव्होसेट्रिझिनच्या एका जुन्या पद्धतीत हे काम टार्टारिक आम्लच करते. हृदयरोग्यांना रक्त पातळ राहावे म्हणून जे क्लोपिडोग्रेल देतात, त्याच्यासाठी कापरापासून बनणारे कॅम्फरसल्फोनिक आम्ल वापरले गेले. चिंच, कापूर, सिंकोना झाडाची साल: निसर्गाने एका हाताचे करून ठेवलेले हे पदार्थ अजूनही आमच्या कपाटात असतात.

या पद्धतीचा दोष उघड आहे. फार तर निम्मा माल मिळतो. आधीच्या आठ-दहा पायऱ्यांत वापरलेले सॉल्व्हंट, वीज, माणसांचे श्रम, सगळ्याचे निम्मे नको त्या हातावर खर्च होते, आणि तो हात पुढे सांडपाण्याच्या हिशेबात येतो. तरीही मी या पद्धतीला कमी लेखणार नाही. नॅप्रोक्सेनच्या कारखान्यात ग्लुकोजपासून केलेल्या एका अमाइनने, म्हणजे नायट्रोजनयुक्त आम्लारीने, हात वेगळे करत आणि नको असलेला हात पुन्हा रेसिमिक करून परत चक्रात घालत. वाया जवळजवळ काहीच जात नसे. नव्या, देखण्या उत्प्रेरकांनी या जुन्या पद्धतीला वर्षानुवर्षे बाजारातून हलवता आले नाही. तरुण संशोधकांना हे पटायला जड जाते, पण हिशेब हिशेब असतो.

आता असममित उत्प्रेरणाकडे येऊ. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया घडवून पुन्हा मोकळा होणारा पदार्थ. तो उत्प्रेरकच जर एका हाताचा असेल तर? प्रत्येक फेरीत तो आपला हातपणा नव्या रेणूला देईल आणि पुढच्या रेणूकडे वळेल. उसने घेतलेले एक ग्रॅम हजारो ग्रॅमना पुरेल.

हे प्रत्यक्षात आणणाऱ्यांत विल्यम नोल्स यांचे नाव मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते विद्यापीठातले नव्हते. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या मॉन्सॅन्टो कंपनीत ते १९४२ पासून नोकरी करत होते. १९६० च्या दशकात विल्किन्सन या रसायनशास्त्रज्ञाचा, ऱ्होडियम या धातूपासून केलेला उत्प्रेरक नवा होता. तो दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवी. त्या ऱ्होडियमला धरून बसणारे फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरसचा रेणू, हात असलेले घेतले तर काय होईल, हा नोल्स यांचा प्रश्न. १९६८ मध्ये उत्तर मिळाले: एका हाताचे आधिक्य सुमारे १५ टक्के. म्हणजे शंभरातले साधारण ५७ एका हाताचे, ४३ दुसऱ्या. बाजाराच्या दृष्टीने निरुपयोगी आकडा. पण पन्नास-पन्नासचे कुलूप उघडले होते. (जर्मनीत लिओपोल्ड हॉर्नर यांनीही त्याच वर्षी असाच निष्कर्ष काढला.)

त्याच सुमारास पार्किन्सनच्या आजारावर एल-डोपा गुणकारी ठरत होते. आपल्याकडे कुंपणावर चढणारी खाजकुयली, जिच्या शेंगेला हात लागला तर अंग खाजून हैराण होते, तिच्या बियांत निसर्गतः एल-डोपा असते, एकाच हाताचे. कारखान्यात मात्र दोन्ही बनत आणि उलटा हात रुग्णाला देण्याजोगा नव्हता. मॉन्सॅन्टो व्हॅनिलिन बनवत असे, आणि एल-डोपाची सुरुवात व्हॅनिलिनपासून करता येई. नोल्स आणि सहकाऱ्यांनी फॉस्फिनचे आकार बदलत बदलत डायपॅम्प नावाच्या फॉस्फिनपर्यंत मजल मारली आणि आधिक्य ९५ टक्क्यांवर नेले. उरलेले काम स्फटिकीकरणाने केले: शुद्ध हात खाली बसला, उत्प्रेरक आणि दोन्ही हातांचा उरलेला अंश द्रावणात राहिला. १९७० च्या दशकात ही पद्धत कारखान्यात चालू झाली. २००१ चे नोबेल नोल्स, र्‍योजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांना मिळाले, तेव्हा नोल्स निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली होती.

९५ टक्के किंवा ९९ टक्के म्हणजे ऊर्जेच्या भाषेत किती? इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला या विषयाचे वेड लागले ते याच हिशेबामुळे. शंभरातले ९९ रेणू एका हाताचे हवे असतील तर वरच्या आणि खालच्या वाटेतला ऊर्जेचा फरक, खोलीच्या तापमानाला, मोलमागे सुमारे २.७ किलोकॅलरी एवढाच लागतो. इथेन या अगदी साध्या रेणूत एक कार्बन दुसऱ्याभोवती फिरताना जो अडथळा पार करतो तो जवळजवळ एवढाच, ३ किलोकॅलरीच्या आत. म्हणजे रेणूंच्या जगातली जवळपास सर्वांत क्षुल्लक ऊर्जा. एवढ्याशा फरकावर औषध शुद्ध की अशुद्ध हे ठरते, आणि म्हणूनच कोणता उत्प्रेरक चालेल हे कागदावर ठामपणे सांगणे इतके अवघड जाते. संगणक आता पुष्कळ मदत करतो. तरी शेवटी करूनच पाहावे लागते.

नोल्स यांच्या अभिक्रियेत आणखी एक धडा दडलेला होता. शिकागोचे जॅक हाल्पर्न यांनी उत्प्रेरक आणि कच्चा माल एकमेकांना धरून बसतात तो टप्पा तपासला. तिथे दोन जोड्या बनतात, एक भरपूर, दुसरी अगदी थोडी. भरपूर दिसणारीच माल देत असेल असे कोणालाही वाटेल. निघाले उलट. जी जोडी जेमतेम दिसते ती हायड्रोजनशी कितीतरी वेगाने वागते, आणि जवळजवळ सगळा माल तिच्याकडून येतो. याचा परिणाम प्रत्यक्ष कारखान्यात भोगावा लागतो. हायड्रोजनचा दाब वाढवला की भरपूर असलेल्या जोडीलाही घाईने अभिक्रिया करावी लागते, आणि हातांचे प्रमाण बिघडते. मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये ढवळणे वेगळे असले की द्रावणात विरघळलेला हायड्रोजन लॅबमधल्यापेक्षा वेगळा भरतो. लॅबमध्ये ९८ टक्के देणारी अभिक्रिया प्लांटमध्ये वेगळा आकडा देऊ शकते आणि त्याचे कारण ढवळणाऱ्या पंख्याच्या पात्यांत असू शकते.

चिंच पुन्हा येते ती शार्पलेस यांच्या कामात. १९८० मध्ये त्यांनी आणि त्सुतोमु कात्सुकी यांनी टायटॅनियमला टार्टारिक आम्लाचे एस्टर जोडून हात असलेली इपॉक्साइडे, म्हणजे ऑक्सिजनचे छोटे कडे असलेले रेणू, बनवली. पुढे फ्रान्सचे आंरी कागां यांनी तेच साहित्य थोडे पाणी घालून गंधकाच्या अणूवर वापरले. आणि पित्तावर घरोघर घेतल्या जाणाऱ्या इसोमेप्राझोलची निर्मिती याच वाटेने उभी राहिली. तिथे आधी आधिक्य फारच कमी येई. उत्प्रेरक कच्च्या मालाच्या सान्निध्यात गरम करून तयार केला आणि थोडे अमाइन घातले, तेव्हा ते ९४ टक्क्यांच्या वर गेले. पाण्याची गंमत बघा: शार्पलेस यांच्या अभिक्रियेत ते इतके नको असते की चाळणीसारख्या सच्छिद्र खनिजाने शोषून घेतात, आणि इथे ते मोजून घालावे लागते. जुलैत गोव्यात हवेची आर्द्रता ८०-९० टक्के असते तेव्हा बाटलीचे बूच किती वेळ उघडे राहिले यालाही अर्थ येतो.

असे काम करणाऱ्या माणसाची कारकीर्द कशी घडते? बीएस्सीला रसायनशास्त्र, मग एमएस्सी ऑरगॅनिक, ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात किंवा बाहेर. नंतर नेट किंवा गेट, आणि पाच-सहा वर्षांची पीएचडी. गोवा विद्यापीठात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत (आयआयसीटी), बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. पीएचडीची पहिली वर्षे बहुतांश लिगँड बनवण्यात जातात, म्हणजे धातूला धरून बसणारा तो हात असलेला भाग. सॉल्व्हंट सुकवायचे, हवा काढून नायट्रोजन भरायचा, हवेत टिकत नाहीत असे पदार्थ बंद पेटीत हातमोज्यांतून हाताळायचे. आणि ज्या अभिक्रियेवर प्रबंध उभा राहायचा तिच्यात ४० टक्के आधिक्य येते. लिगँडच्या एका टोकाला मोठा गट लावला की ६०, दुसऱ्या टोकाला लावला की ५. महिनोन्महिने असेच चालते. इथे टिकणारा माणूस पुढे कुठेही टिकतो.

मोजायचे कसे, हेही सांगायला हवे, कारण आमचा निम्मा दिवस तिथे जातो. दोन हातांना वेगळे करणारे एचपीएलसीचे, म्हणजे द्रावण दाबाने नळीतून नेऊन त्यातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचे, कॉलम असतात. त्यांच्या आत सेल्युलोज किंवा स्टार्चपासून बनवलेला, म्हणजे पुन्हा निसर्गाकडून उसना घेतलेला, एका हाताचा थर असतो. द्रावण त्यातून जाताना एक हात आधी बाहेर पडतो, दुसरा मागून. पडद्यावर दोन शिखरे. पण नवीन रेणूसाठी आधी दोन्ही हातांचे मिश्रण मुद्दाम बनवावे लागते. का? तुमच्या शुद्ध नमुन्याचे एकच शिखर दिसले तर तो खरोखर शुद्ध आहे की कॉलमला दोन हात वेगळे करताच येत नाहीत, हे त्याशिवाय कळणार नाही. चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो: रेसिमिक कुठे आहे?

कंपनीत आल्यावर प्रश्न बदलतात. विद्यापीठात शंभर रेणूंमागे एक-दोन रेणू उत्प्रेरक घातला तर कोणी काही म्हणत नाही. इथे ऱ्होडियमसारख्या सोन्याच्या तोडीच्या धातूचा भाव बघून हजारामागे एक, दहा हजारांमागे एक असा आग्रह धरला जातो. औषधात धातूचा अंश किती उरला हेही मोजतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तोंडावाटे घ्यायच्या औषधातून ऱ्होडियम किंवा पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाता कामा नये. कच्च्या मालाच्या नव्या ड्रममध्ये गंधकाचा जरासा अंश असला की उत्प्रेरक मरतो. कधी उलटे घडते: मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनच्या अभिक्रियेत अमोनियम क्लोराइडचा किंचित अंश असला तरच उत्प्रेरक भरवशाने चालतो असे मर्क कंपनीच्या लोकांना आढळले. ग्रॅम, मग किलो, मग शेकडो किलो. प्रत्येक पायरीला तीच अभिक्रिया नव्याने समजून घ्यावी लागते. बाहेरच्यांना वाटते की शोध लागला, काम संपले. माझ्या मते अर्धी बुद्धी आणि बराचसा घाम यानंतर लागतो.

किती शुद्धता पुरे, याचाही विवेक लागतो. मेटोलाक्लोर या तणनाशकाचा उपयोगी हात बनवायला सीबा-गायगी कंपनीने इरिडियमचा उत्प्रेरक तयार केला. (जुने गोवेजवळच्या खोर्लीतला सांता मोनिका कारखाना पूर्वी याच कंपनीचा.) आधिक्य जेमतेम ८० टक्के. औषधासाठी हा आकडा कोणी बघणारही नाही. पण तो उत्प्रेरक दहा लाखांहून अधिक रेणूंना एक या प्रमाणात पुरला, शेतावर फवारायच्या मालाला ८० टक्के पुष्कळ होते, आणि १९९६ पासून वर्षाला दहा हजार टनांहून मोठी निर्मिती उभी राहिली. नोयोरी यांचा बायनॅप लिगँड ऱ्होडियमला जोडून जपानच्या ताकासागो कंपनीने मेंथॉल बनवायला घेतले. मेंथॉलची हातांप्रमाणे आठ रूपे होतात, थंडावा देणारे हवे ते एक. त्या मेंथॉलची बाजारातली गाठ उत्तर प्रदेशातल्या पुदिन्याच्या शेतांशी आहे. शेतकरी आणि ऱ्होडियम एकाच मालासाठी स्पर्धा करतात हे मला आजही थक्क करते.

भारतात ही विद्या वेगळ्या कारणाने वाढली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळे, ते २००५ पर्यंत. त्यामुळे तोच रेणू वेगळ्या वाटेने, स्वस्तात बनवणे हेच आपल्या रसायनशास्त्रज्ञांचे शिक्षण झाले. एका हाताचे औषध स्वस्तात बनवणे त्यातले सर्वांत कठीण.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन नवी दालने उघडली. एक विकरांचे, म्हणजे एन्झाइमचे. सिटाग्लिप्टिनसाठी मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी एका विकराला प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या बदलत नेले. मूळ विकर त्या रेणूला शिवतही नव्हता. २७ बदलांनंतर तो ९९.९५ टक्के आधिक्य देऊ लागला आणि ऱ्होडियम व दाबाखालचा हायड्रोजन दोन्ही अनावश्यक झाले. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे दालन धातूविना चालणाऱ्या छोट्या सेंद्रिय उत्प्रेरकांचे. २००० मध्ये बेंजामिन लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोलीन या साध्या अमिनो आम्लाने अभिक्रिया घडवली, त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी वेगळ्या सेंद्रिय उत्प्रेरकाने. २०२१ चे नोबेल या दोघांना मिळाले.

फोंड्यातल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, हे सगळं गोव्यात राहून होईल?" तिला मी जे सांगितले तेच इथे लिहितो. गोव्यातल्या बऱ्याच कारखान्यांत गोळ्या आणि कॅप्सूल तयार होतात, मूळ औषधद्रव्य बहुधा हैदराबाद, विशाखापट्टणम, अंकलेश्वर अशा ठिकाणांहून येते. संश्लेषणाच्या प्रयोगशाळा इथे आहेत, पण मोजक्या. म्हणून काही वर्षे बाहेर काढायची तयारी ठेव, आणि परत येण्याचीही. फिजिकल केमिस्ट्री सोडू नकोस, २.७ किलोकॅलरीचा हिशेब तिथेच शिकवतात.

आणि तोवर थांबायची गरज नाही. एमएस्सीच्या प्रकल्पात लिस्ट यांची अभिक्रिया करता येते. डीएमएसओ हे सॉल्व्हंट आणि अ‍ॅसिटोन, पॅरा-नायट्रोबेंझाल्डिहाइड, एल-प्रोलीन. शंभर रेणूंमागे तीस रेणू उत्प्रेरक, खोलीचे तापमान. नायट्रोजन लागत नाही, बंद पेटी लागत नाही. प्रसिद्ध झालेले आधिक्य ७६ टक्के. सोबत एक चंबू डी-प्रोलीनचा लावावा आणि एक दोन्हींच्या सम मिश्रणाचा. माल शुद्ध करून, तिन्ही द्रावणे सारख्याच संहतीची करून, महाविद्यालयाच्या कपाटातला पोलॅरिमीटर, म्हणजे ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणारे उपकरण, बाहेर काढावा. पहिला नमुना प्रकाश एका बाजूला वळवेल, दुसरा साधारण तितकाच उलट, तिसरा शून्यावर राहील. पहिल्या दोन आकड्यांत फरक आला तर तो का आला, हे शोधण्यापासून प्रकल्प सुरू करावा.